घरी बिअर करताना तापमान अचूक कसं मोजायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी बिअर करणाऱ्यांकडून तापमानाबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे जरा अडवणारे. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत.

१. एक-दोन अंश इकडेतिकडे झाले तर असं काय मोठं बिघडतं?

कुठल्या टप्प्यावर चुकलात त्यावर अवलंबून आहे. उकळीच्या वेळी थर्मामीटर बाजूला ठेवा, वॉर्ट (माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, उतरलेलं गोड पाणी) उकळतोय हे डोळ्यांना दिसतं. मॅशचं, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवण्याच्या टप्प्याचं, मात्र तसं नाही. माल्टमधल्या पिष्टाची साखर करणारी दोन मुख्य एन्झाइम आहेत. बीटा-अमायलेज साधारण ६० ते ६५ अंशांत जोमात असतं आणि त्याच्या वर गेलं की भराभर निकामी होतं. अल्फा-अमायलेज ६८ ते ७२च्या आसपास रमतं. म्हणून ६४ला मॅश केलेली बिअर कोरडी, हलकी होते आणि तेच माल्ट ६९ला ठेवलं तर अंगाने भरलेली, किंचित गोडसर. मध्ये फक्त पाच अंशांचं अंतर आहे. थर्मामीटर दोन अंशांनी खोटं बोलत असेल, तर त्यातला जवळजवळ अर्धा रस्ता तुम्ही नकळत चुकता.

यीस्टही तितकंच हळवं. बऱ्याच एल यीस्टना (एल म्हणजे उबदार तापमानात आंबवलेली बिअर) १८ ते २२ मानवतं. २५-२६ला तेच यीस्ट फळांचे उग्र वास आणि घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं तयार करतं.

मॅश आणि आंबवण या दोन ठिकाणी एका अंशाच्या आत राहायचं ध्येय ठेवा. माल्ट धुवायचं पाणी ७५ ते ७७मध्ये असलं की पुरे. त्याहून फार गरम पाण्याने, विशेषतः शेवटी शेवटी पीएच चढलेला असताना, टरफलांतला तुरटपणा उतरतो.

२. कोणता थर्मामीटर घ्यावा?

एकच घ्यायचा असेल तर बारीक टोकाचा, हातात धरायचा डिजिटल घ्या. थर्मिस्टरवर (तापमानानुसार विजेचा रोध बदलणाऱ्या सेन्सरवर) चालणारे चांगले डिजिटल अर्ध्या अंशाच्या आत असतात आणि काही सेकंदांत स्थिरावतात. के प्रकारचं थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर) झटपट असतं, पण साध्या दर्जाच्या तारेची मान्य चूकच सव्वादोन अंशांच्या घरात असते. तो घेतलात तर तपासल्याशिवाय वापरू नका. प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान ओळखणारे पीटी१०० प्रकारचे सेन्सर उत्तम. मात्र ते दोन तारांनी जोडले तर तारेचा रोधही मोजला जातो, आणि ०.४ ओहमच्या आसपासचा जादा रोध म्हणजे एक अंशाची चूक. तीन किंवा चार तारांची जोडणी करा.

पातेल्यावर बसणारे घड्याळी काट्याचे थर्मामीटर दिसतात छान. त्यांच्या दांडीत आत दोन धातूंची गुंडाळी असते आणि ती टोकाकडच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये बसवलेली असते. तेवढा भाग पूर्ण बुडाला नाही तर आकडा कमीच दिसणार.

पाऱ्याचा थर्मामीटर बिअरच्या भांड्याजवळ आणूच नका. तो किती अचूक आहे याचा इथे विचारच नको. फुटला तर बॅच फेकावी लागेल आणि घरात विषारी वाफ राहील. रंगीत अल्कोहोलवाला काचेचा थर्मामीटर चालतो, पण वापरण्याआधी आतली लाल रेघ मध्ये तुटलेली नाही ना, ते बघा.

३. माझा थर्मामीटर ०.१ अंशापर्यंत दाखवतो. म्हणजे तो तितका अचूक आहे ना?

नाही. पडद्यावर दशांश दिसणं हा बारकावा झाला, अचूकता वेगळी. डीएस१८बी२० हा घरगुती प्रकल्पांत सर्रास वापरला जाणारा सेन्सर बघा: तो एका अंशाचे सोळा भाग करून दाखवू शकतो, पण त्याची हमी −१० ते ८५ अंशांत अधिक-उणे अर्ध्या अंशाची आहे. ६७.०६ असा आकडा दिसला तरी खरं तापमान ६६.६ असू शकतं. तो बारकावा एका कामाला मात्र फार उपयोगी पडतो. तापमान चढतंय की उतरतंय, हे लगेच कळतं.

४. तो बरोबर दाखवतोय की नाही, हे घरी कसं तपासू?

बर्फाने आणि उकळीने. बर्फाची कसोटी जास्त भरवशाची आहे, ती आधी करा.

बर्फ कुटून बारीक करा. मोठा पेला काठोकाठ बर्फाने भरा आणि फटी भरतील इतकंच गार पाणी ओता. लोक नेमके इथे चुकतात: पेलाभर पाण्यात चार खडे टाकतात आणि ३ अंश दिसले की थर्मामीटरला दोष देतात. वर बर्फ तरंगत असला तरी तळाचं पाणी तीन-चार अंशांवर असू शकतं. तळापर्यंत बर्फच हवा. ढवळा, दोन-तीन मिनिटं थांबा, टोक मध्यभागी धरा, पेल्याला टेकू देऊ नका आणि ढवळता ढवळता वाचा. शून्यापासून जितका फरक दिसेल ती त्या टोकाची चूक.

मग उकळी. पाणी खळखळून उकळू द्या, टोक तळाला न टेकवता पाण्यात बुडवा. आकडा तुमच्या जागेच्या उत्कलनबिंदूशी ताडून पाहा (प्रश्न ५). वाफेत हात भाजतो, म्हणून चिमट्याने धरा.

दोन्ही फरक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून थर्मामीटरलाच चिकटवा. वहीत लिहिलेला फरक गडबडीच्या दिवशी सापडत नाही.

५. माझ्याकडे पाणी ९७ अंशांलाच उकळतं. थर्मामीटर बिघडलाय का?

कदाचित अजिबात नाही. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला, १०१३ हेक्टोपास्कल दाबाखाली. वर चढत जाल तसा साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी होतो. ९०० मीटर उंचीवर ९७ हेच बरोबर उत्तर आहे. हवा बदलली की दाबही बदलतो आणि काही दशांशांचा फरक त्यानेही पडतो. म्हणून उकळीच्या कसोटीवर दशांशापर्यंत वाद घालू नये.

ही कसोटी साध्या पाण्यानेच करा. वॉर्टमधल्या साखरेमुळे उत्कलनबिंदू अगदी थोडा वर सरकतो.

६. बर्फात अर्धा अंश जास्त आणि उकळीत दीड अंश जास्त दाखवतो. मग मॅशला कोणती चूक धरू?

दोन्हींच्या मधली, प्रमाणात. शून्याला चूक ०.५ आणि शंभराला १.५, म्हणजे शंभर अंशांत चूक एका अंशाने वाढली. ६७ला ती ०.५ अधिक ०.६७, म्हणजे सुमारे १.२ होईल. मॅश खरोखर ६७ला हवा असेल तर पडद्यावर ६८.२ दिसायला हवेत.

हा हिशोब चूक सरळ रेषेत वाढते असं धरून चालतो. चांगल्या सेन्सरच्या बाबतीत ते पुरेसं खरं असतं. खात्रीच करायची असेल तर चांगल्या थर्मासमध्ये ६६-६७ अंशांचं पाणी भरा आणि खात्रीच्या थर्मामीटरशेजारी आपला धरून बघा. आंबवणीच्या थर्मामीटरसाठी एक सोपी सोय घरातच असते: तापाचा डिजिटल थर्मामीटर. त्याचा पल्ला लहान, पण ३५ ते ४२ अंशांत तो फार काटेकोर असतो. ३८ अंशांचं कोमट पाणी करून दोन्ही शेजारी बुडवा.

७. दोन थर्मामीटर दोन आकडे दाखवतात. सरासरी काढू का?

काढू नका. एक बरोबर आणि एक चुकीचा असेल तर सरासरी हमखास चुकीची येते. दोन्ही बर्फात घाला (प्रश्न ४), जो खरा ठरेल त्याला मुख्य माना आणि दुसऱ्यावर फरकाची चिठ्ठी लावा. दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. थर्मामीटर हातातून पडला किंवा बॅटरी बदलली, तर लगेच.

८. मॅशमध्ये वर ६९ आणि तळाला ६४ दिसतं. खरं तापमान कोणतं?

दोन्ही. थर्मामीटर फक्त आपल्या टोकाला लागलेल्या थेंबांचं तापमान सांगतो. मॅश म्हणजे जाडसर लापशी आणि लापशीत उष्णता संथ फिरते. गरम पाणी ओतल्यावर सुक्या माल्टच्या गुठळ्या आतून गारच राहतात, भांड्याच्या कडा उष्णता ओढून घेतात, खाली आच असेल तर तळ तापतो. तळाला हीटिंग एलिमेंट असलेल्या भांड्यात याच्या नेमकं उलट चित्र दिसतं: तळ गरम, वर गार.

यावर एकच उपाय, ढवळणं. आणि खरोखर ढवळणं, वरवर डाव फिरवणं नव्हे. लांब दांड्याने तळापासून वर उपसत दोन-तीन मिनिटं, एकही गुठळी उरणार नाही असं. मग मध्यभागी अर्ध्या खोलीवर टोक धरा. पुढे कडेला आणि तळाजवळ बघा. तिन्ही ठिकाणी एका अंशाच्या आत आलं की त्या आकड्यावर विश्वास ठेवा आणि झाकण लावा.

भिंतीत बसवलेला काट्याचा थर्मामीटर कडेचं तापमान सांगतो. त्याची दांडी आखूड असेल तर भांड्याच्या धातूचंच. पंपाने वॉर्ट फिरवत असाल तर सेन्सर कुठे आहे हे लक्षात ठेवा. पंपाच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर असेल तर ते नळीतलं तापमान आहे. माल्टच्या थरात ते पोचायला बराच वेळ लागतो.

या बाबतीत मी आग्रही आहे. शंभर रुपयांचा थर्मामीटर आणि जोरदार ढवळणं, यांपुढे महागडा थर्मामीटर आणि न ढवळलेला मॅश कधीच टिकणार नाही.

९. मॅशसाठी पाणी किती तापवायचं, हे आधी कसं ठरवू?

पाणी माल्टला आपली उष्णता देतं, म्हणून ते लक्ष्यापेक्षा गरम लागतं. हिशोब असा: ०.४१ला दर किलो माल्टमागच्या लिटर पाण्याने भागा, त्याला लक्ष्य आणि माल्टचं तापमान यांतल्या फरकाने गुणा, आणि आलेलं लक्ष्यात मिळवा.

उदाहरणार्थ, ५ किलो माल्ट, १५ लिटर पाणी, माल्ट २५ अंशांवर, लक्ष्य ६७. एका किलोमागे ३ लिटर. ०.४१ भागिले ३, गुणिले ४२, म्हणजे सुमारे ५.७. पाणी ७२.७ अंशांना हवं.

दोन ठिकाणी हा हिशोब फसतो. माल्टचं तापमान अंदाजाने लिहू नका, पोत्यात थर्मामीटर खुपसून बघा. गार कोठीतलं माल्ट १५वर असेल तर वरच्या उदाहरणात पाणी सुमारे ७४ अंशांना लागेल. दुसरं, भांडं. मॅश वेगळ्या भांड्यात करत असाल तर ते आधी गरम पाण्याने तापवून घ्या, नाहीतर पहिले दोन-तीन अंश तेच खाऊन टाकेल. दोन-तीन बॅचनंतर तुमच्या भांड्याची भूक किती ते कळतं, तो आकडा वहीत कायमचा लिहून ठेवा.

१०. हिशोब करूनही ६७ऐवजी ६३ आलं. काय करू?

आधी काहीच करू नका. ढवळा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. पहिला आकडा बहुतेकदा गुठळ्यांचा असतो (प्रश्न ८).

तरीही ६३च असेल तर उकळतं पाणी घाला. किती? माल्टच्या किलोंना ०.४१ने गुणून त्यात लिटर पाणी मिळवा: ५ किलो आणि १५ लिटरला १७.०५. याला वाढवायच्या अंशांनी गुणा, म्हणजे ४ने, आणि उकळतं पाणी व लक्ष्य यांतल्या फरकाने, म्हणजे ३३ने भागा. उत्तर साधारण २ लिटर. थोडं थोडं घालत ढवळा. उलट ७१ आलं असेल तर २५ अंशांचं सुमारे १.६ लिटर पाणी तेच काम करेल.

गरम झालेला मॅश आधी सावरा. गार मॅशमध्ये एन्झाइम टिकून राहतात, गरम मॅशमध्ये बीटा-अमायलेज मरतं आणि नंतर तापमान उतरवूनही ते परत येत नाही. साखर होण्याचं बरंचसं काम पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच उरकतं. चाळिसाव्या मिनिटाला ६७चा ६५ झालेला दिसला तर घाबरून आच लावू नका. झाकण उघडून दर पाच मिनिटांनी बघण्यानेच जास्त उष्णता जाते.

११. इन्फ्रारेड बंदुकीने मोजलं तर चालेल का? टोक बुडवायची कटकटच नाही.

मॅशला आणि वॉर्टला नाही. ती फक्त पृष्ठभाग बघते. वॉर्टचा पृष्ठभाग बाष्पीभवनाने आतल्यापेक्षा गार असतो, वर वाफ मध्ये येते. चकचकीत स्टीलवर तर ती सपशेल फसते, कारण असं स्टील स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं आणि खोलीची उष्णता आरशासारखी परत फेकतं. ८० अंशांचं पातेलं ४० दाखवू शकतं. फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) बाहेरून झटपट अंदाज घ्यायचा असेल तर त्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्या पट्टीवर नेम धरा.

१२. प्रोब वायरसकट वॉर्टमध्ये सोडून दिला आणि आता वेडेवाकडे आकडे येतात.

वायर जिथे धातूच्या नळीत शिरते तिथून पाणी आत गेलंय. बरेच प्रोब टोकाला जलरोधक असतात, त्या जोडापाशी नाही. कोरड्या उबदार जागी एक-दोन दिवस ठेवून बघा. कधी सुधारतो, कधी नाही. सुधारला तरी प्रश्न ४ची कसोटी पुन्हा घ्या.

खरा उपाय म्हणजे थर्मोवेल: द्रवात शिरणारी, आतून बंद टोकाची स्टीलची नळी, जिच्यात प्रोब कोरडा राहतो. नळी आणि प्रोब यांच्यात हवेची पोकळी उरली तर आकडा उशिरा येतो. आत थोडं पाणी किंवा खाद्यतेल सोडलं की उष्णता नीट पोचते. नळीच्या जाडीच्या निदान दहापट लांबी द्रवात बुडालेली हवी, नाहीतर बाहेरच्या हवेचा परिणाम आकड्यात मिसळतो.

१३. थर्मामीटर नव्हते तेव्हा लोक हे कसं करायचे?

उकळतं पाणी निवू देत आणि त्यात आपला चेहरा दिसू लागला, म्हणजे वाफ ओसरली, की माल्ट घालत. मोजक्या मापाने उकळतं आणि गार पाणी मिसळण्याची रीतही होती. दोन्ही युक्त्या एकाच ठिकाणी, एकाच भांड्यात, वर्षानुवर्षं करणाऱ्याच्या हातात चालतात.

थर्मामीटर आल्यावर बिअर करणारे त्यात किती तरबेज झाले, याची साक्ष जेम्स जूल देतो. १८१८ साली इंग्लंडमधल्या सॅलफर्डमध्ये जन्मलेला हा माणूस ब्रुअरीवाल्या घरातला. १८४०च्या दशकात यांत्रिक काम आणि उष्णता यांचं नातं सिद्ध करताना त्याने फॅरनहाइटच्या एका अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत तापमान मोजल्याचं सांगितलं. अनेक शास्त्रज्ञांना ते खरं वाटेना. थर्मामीटरशी त्याची सवय ब्रुअरीत मुरलेली होती. ऊर्जेच्या एककाला आज त्याचं नाव आहे, ही गोष्ट मला दर वेळी मॅश ढवळताना आठवते आणि बरं वाटतं.

१४. गार केलेल्या वॉर्टमध्ये यीस्ट घालण्याआधी कुठे मोजायचं?

फर्मेंटरमध्ये, हलवून झाल्यावर. चिलरच्या तोंडाशी येणारा वॉर्ट १८ असेल, पण आधी आलेला २६ असू शकतो आणि दोन्ही थर शांतपणे एकावर एक राहतात. टोक आधी निर्जंतुक करा. उकळीनंतर वॉर्टला लागणारी प्रत्येक गोष्ट स्वच्छच हवी आणि थर्मामीटर नेमका विसरला जातो.

सुकं यीस्ट पाण्यात भिजवत असाल तर त्या पाण्याचं तापमान पाकिटावर दिलेलं असतं. तेही बोट बुडवून ठरवू नका, मोजा.

१५. खोली २० अंशांवर ठेवली आहे. म्हणजे बिअरही २०वर आंबतेय ना?

बहुतेक नाही, आणि घरगुती बिअरमधल्या नकोशा चवींचं हे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण आहे. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं. भर जोमात असलेला वीस लिटरचा फर्मेंटर खोलीपेक्षा सहज तीन ते पाच अंश गरम होतो, दाट वॉर्ट असेल तर कधी त्याहूनही जास्त. माझ्या सुरुवातीच्या एका बॅचला भिंतीवरचा थर्मामीटर आठवडाभर २१ दाखवत होता. बाटली उघडल्यावर पिकलेल्या केळ्यांचा आणि नेलपॉलिशचा वास आला. पुढच्या बॅचला मी फर्मेंटरच्या आतच प्रोब सोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो २६वर होता आणि भिंतीवर तेच २१.

म्हणून बिअर मोजा, खोली नाही. थर्मोवेल नसेल तर प्रोब फर्मेंटरच्या भिंतीला द्रवाच्या पातळीच्या बराच खाली चिकटवा आणि वरून फोमची जाड घडी बांधा, म्हणजे प्रोबला हवेचा स्पर्श होणार नाही. अशी मांडणी आतल्या तापमानाच्या बऱ्यापैकी जवळ जाते.

पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. चवी तेव्हाच ठरतात. जोर ओसरला की उष्णताही कमी होते आणि बिअर खोलीच्या तापमानाकडे उतरू लागते. तेव्हा उलट तिला दोन अंश वर जाऊ दिलं तर यीस्ट उरलेलं काम नीट संपवतं. ३० ते ४० अंशांत आनंदाने काम करणारं नॉर्वेचं क्वाइक यीस्ट वापरत असाल तर आकडे वेगळे, मोजायची रीत हीच.

१६. फ्रिजला कंट्रोलर लावलाय. सेन्सर हवेत लटकवू की फर्मेंटरला चिकटवू?

फर्मेंटरला, प्रश्न १५मध्ये सांगितलं तसा. हवेत लटकवला तर हवा १९ राहील आणि बिअर २३.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वीस लिटर द्रव हळू गार होतो. तो १९वर येईपर्यंत फ्रिजमधली हवा फार थंड झालेली असते, आणि कंप्रेसर बंद झाल्यावरही बिअर आणखी खाली घसरते. मग हीटर सुरू होतो, मग पुन्हा कंप्रेसर. ही ओढाताण दिसली तर कंट्रोलरमधला चालू-बंदचा फरक अर्ध्यावरून एक अंशापर्यंत वाढवा. कंप्रेसर पुन्हा सुरू होण्यातला विलंब निदान तीन मिनिटं ठेवा, नाहीतर कंप्रेसर लवकर जाईल. आतला छोटा पंखाही फायद्याचा ठरतो.

प्रोब भिंतीवरून सुटला तर कंट्रोलर हवेचं तापमान बिअरचं समजतो. चिकटपट्टीवर विसंबू नका, पट्ट्याने आवळून बांधा.

१७. फर्मेंटरवरची रंग बदलणारी पट्टी कितपत खरी?

अंदाजापुरती ठीक. एक-दोन अंशांची तफावत धरून चाला. ऊन किंवा पंख्याचा वारा थेट लागत असेल तर तेवढाही विश्वास नको.

१८. पाककृती फॅरनहाइटमध्ये आहे. "१५२ला मॅश, मग १० अंशांनी वाढवा" असं लिहिलंय. बदलताना काय चुकतं?

दहा अंशांपाशी चुकतं. तापमान बदलताना ३२ वजा करून १.८ने भागायचं: १५२चे ६६.७ झाले. वाढ किंवा घट बदलताना ३२ वजा करायचे नसतात, फक्त १.८ने भागायचं. दहा अंशांची वाढ म्हणजे ५.६ अंश, त्यामुळे पुढचा टप्पा साधारण ७२.२. थर्मामीटर दोन्ही एककं दाखवत असेल तर सुरू करण्याआधी पडद्यावरचं अक्षर एकदा बघून घ्या.

१९. हायड्रोमीटरचा (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणाऱ्या उपकरणाचा) आकडा गरम वॉर्टमध्ये घेतला. तो वापरता येईल?

थोडाच गरम असेल तर दुरुस्ती करून. गरम द्रव पातळ असतो, हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि आकडा कमी येतो. २० अंशांसाठी बनवलेल्या हायड्रोमीटरवर ३० अंशांना साधारण ०.००२५ आणि ४० अंशांना सुमारे ०.००६ मिळवा. १.०४४ दिसला आणि वॉर्ट ४०वर असेल तर खरा आकडा १.०५०. त्याहून गरम नमुन्याला दुरुस्ती लावत बसू नका, गार करा. कागदी पट्टीवर तुमचा हायड्रोमीटर किती अंशांसाठी आहे ते छापलेलं असतं. काही १५.५ अंशांचे असतात.

नमुन्याच्या नळकांड्यातच थर्मामीटर घालून मोजा. भांड्यातला वॉर्ट आणि नळकांड्यातला नमुना यांत दोन मिनिटांत बराच फरक पडतो.

२०. पीएच मीटरला तापमानाची आपोआप दुरुस्ती आहे. मग गरम मॅशमध्ये बुडवला तर काय हरकत?

ती दुरुस्ती इलेक्ट्रोडच्या विद्युत प्रतिसादाची आहे. तापमानामुळे मॅशचा पीएच खरोखरच बदलतो, त्याला ती हात लावत नाही. ६५ अंशांना मॅशचा पीएच खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ०.३ने कमी असतो. नेहमी सांगितलं जाणारं ५.२ ते ५.६ हे लक्ष्य खोलीच्या तापमानाला मोजलेल्या नमुन्याचं आहे. गरम मॅशमध्ये ५.२ बघून खूश झालात तर खरा आकडा ५.५ असेल. चमचाभर वॉर्ट बशीत पसरून २०-२५ अंशांवर आणा आणि मग मोजा. इलेक्ट्रोडचं आयुष्यही वाढतं.

२१. बाटलीत फेस यावा म्हणून घालायची साखर काढताना हिशोबात "बिअरचं तापमान" विचारतात. बिअर आता फ्रिजमध्ये ५ अंशांवर आहे. ५ लिहू?

नाही. आंबणं संपत आल्यापासून आजपर्यंत बिअर सर्वात जास्त किती गरम झाली होती, तो आकडा लिहा. हिशोबाला तापमान लागतं ते बिअरमध्ये आधीच विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ओळखायला. २० अंशांना बिअरच्या एका मापात साधारण ०.८६ माप वायू राहतो, ५ अंशांना १.४३. पण २०वर असताना जास्तीचा वायू उडून गेलेला असतो आणि नंतर बिअर गार केली म्हणून तो परत येत नाही.

वीस लिटर बिअरला २.४ मापं वायू हवा असेल तर २० लिहिल्यावर सुमारे १२३ ग्रॅम साखर निघते, ५ लिहिल्यावर ७८. त्या ४५ ग्रॅमच्या फरकाने बिअर मवाळ होते आणि लोक यीस्टला दोष देतात.

उलटी चूक जास्त धोक्याची. १० अंशांवर आंबलेल्या आणि कधीच उबदार न केलेल्या लागरला सवयीने २० लिहिलंत तर साखर जास्त पडते. शेवटी तिला १७ अंशांवर दोन दिवस विसावा दिला असेल तर मात्र १७ लिहायचे. यासाठीच आंबवणीच्या वहीत रोजचं तापमान तारखेसह लिहा. आणि बाटल्या भरण्याआधी हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस हललेला नाही, याची खात्री एकाच तापमानाला मोजून करा (प्रश्न १९). नमुना एक दिवस कोमट आणि दुसऱ्या दिवशी गार असेल तर आंबणं चालू असूनही आकडा थांबल्यासारखा दिसू शकतो, आणि अशा बाटल्या फुटतात.